दामदुप्पट

मूरगेट स्टेशनपासून चौथी इमारत, अकरावा मजला.
रात्री दहा ते सहा मी स्वल्पविराम तपासते.
वकिलांनी दिवसभर जे लिहिलं
ते कुठे निसटलं, कुठे दोनदा आलं, एवढंच पाहायचं.
अर्थ पाहायचे पैसे वेगळे,
ते दुसऱ्यांना मिळतात.

आजच्या गठ्ठ्यावर एका देशाचं नाव.
पानं एकशे ब्याण्णव.
कर्ज घेणारा : प्रजासत्ताक.
म्हणजे कोण, ते व्याख्यांच्या पानावरही नाही.
आकडा तीन-तीन घरांनी तोडलेला.
माझी नजर लंडनमध्ये एकवीस वर्षं काढूनही
लाख-कोटींच्या जागी अडते.
बोटाने घरं मोजत मी तो मराठीत आणते,
तेव्हा कुठे तो जड होतो.

थोकोझानी दोन वाजता टोपल्या रिकाम्या करायला येते.
निळे हातमोजे, एका कानात इअरफोन,
त्यात तिच्या चर्चचा पाद्री.
तिने नाव पाहिलं आणि पाद्री काढून खिशात ठेवला.
"हे आमचं?"
गुप्ततेच्या कागदावर माझी सही आहे.
मी पान उपडं केलं नाही, एवढंच.

तिने मूळ कर्जाचं साल वाचलं, शहाऐंशी.
ओठांनी वर्षं मोजली.
"तेव्हा मी तिसरीत.
झोम्बाच्या रस्त्यावर आम्हाला झेंडे घेऊन उभं केलं होतं,
सकाळपासून.
कुणी पैसे देणारे साहेब येणार होते.
तीन गाड्या गेल्या, काचा वर.
मग मास्तरांनी प्रत्येकाला एक संत्रं दिलं.
माझं आतून अर्धं सुकलेलं."
ती हसली. "म्हणजे ते संत्रं मी अजून फेडतेय?"

तिच्या भाषेत कर्जाला न्गोंगोले म्हणतात,
घंटा पाण्यात पडल्यासारखा शब्द.
तुमच्यात काय, तिने विचारलं.
कर्ज. देणं. उसनं. ऋण.
ऋण आईबापाचंही असतं,
आणि गणितात ती नुसती एक आडवी रेघ.

माझे वडील बार्शीच्या निबंधक कचेरीत नक्कलनवीस.
लोकांची गहाणखतं चाळीस वर्षं पुन्हा पुन्हा लिहिली.
ते सांगायचे, आपल्याकडे जुना कायदा होता :
व्याज वाढत वाढत मुद्दलाएवढं झालं
की तिथे थांबायचं. दामदुप्पट.
त्यापुढे मागणाऱ्यानेच लाजायचं.
(आता त्याच शब्दाने लोकांना फसव्या योजना विकतात.)
थोकोझानी म्हणाली,
"तुझ्या वडिलांना इथे का नाही कामाला घेत?"
आणि टोपली उचलून गेली.
शेजारच्या खोलीत व्हॅक्यूम सुरू झाला.

मी ते कलम शोधलं. माझं काम नव्हतं तरी शोधलं.
तेविसाव्यात थकलेल्या व्याजावरचं व्याज आहे,
त्याच्या पोटकलमात त्यावरचं.
थांबण्याची जागा कुठेच नाही.

मग पान एकशे अडतीस.
दर नऊ पूर्णांक चारचा
इथे चार पूर्णांक नऊ झालेला.
कुणाचं तरी दमलेलं बोट.

पेन्सिल हातात धरून बसले.
माझ्यानंतर आणखी चौघं तपासणार,
त्यातलं कुणीतरी पकडणारच.
हे मी स्वतःला दोनदा सांगितलं,
एकदा सोडून देण्यासाठी,
एकदा दुरुस्त करण्यासाठी.
बाहेर रस्ता धुणारी गाडी गेली.

दुरुस्त केलं.
नियमाप्रमाणे समासात आद्याक्षरं घातली,
वडील नकलेखाली घालायचे तशी,
बारीक, थोडी तिरकी.

सहाला लिफ्टचं दार थोकोझानीने पायाने अडवून धरलं होतं,
माझ्यासाठी.
"सापडल्या का चुका?"
"एक."
"बरं झालं," ती म्हणाली
आणि पाद्री पुन्हा कानात घातला.